फोनवर रुग्ण पाहावा का? सीमेवरच्या एका नव्या डॉक्टरला उत्तर

खानापूर तालुक्यात नुकताच दवाखाना उघडलेल्या एका एमबीबीएस डॉक्टरने विचारलं आहे. त्याची नोंदणी कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे आहे. रुग्ण मात्र तालुक्यातलेही येतात आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड-दोडामार्गकडचेही. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की सगळं फोनवर आणि व्हॉट्सॲपच्या फोटोंवर येतं. त्याचे प्रश्न तीन. पलीकडच्या राज्यातल्या रुग्णाला फोनवर औषध सांगणं बेकायदा आहे का? काही बरंवाईट झालं तर खटला कुठे चालेल? आणि ही कटकट नको म्हणून फोनवरचा सल्ला सरळ बंदच करावा का?

डॉक्टर, मी बेळगावात २६ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करते. आधी तिसऱ्या प्रश्नाचं सांगते: बंद करू नका. तुम्ही फोन उचलला नाहीत म्हणून जांबोटीच्या पलीकडचा माणूस पावसातून चालत येणार नाही. तो मेडिकलवाल्याला विचारेल, नाहीतर मागच्या वर्षीची चिठ्ठी पेटीतून काढेल. पण फोनवर काय सांगायचं आणि कुठे थांबायचं, याचा तुमचा स्वतःचा नियम पहिल्या दिवसापासून पक्का करा. मी तो उशिरा केला आणि त्याची किंमत एका रुग्णाने मोजली. ते पुढे सांगते.

सीमेच्या बाबतीत कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोकळा आहे. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. नंतर ती २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेला परिशिष्ट ५ म्हणून जोडली गेली. म्हणजे ती नुसती सूचना राहिली नाही, मोडली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होतो. त्यांत स्पष्ट म्हटलंय की नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकतो. बाची संपून शिनोळी लागली, कर्नाटक संपून महाराष्ट्र लागला, तरी तुमची नोंदणी तिथे संपत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आचारनियमावली निघाली होती, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली. त्यानंतरही आपण २००२ चेच नियम आणि हे परिशिष्ट धरून चालतो.

भारताबाहेर मात्र ही तत्त्वं लागू नाहीत. आपल्या भागातली कितीतरी मुलं दुबई-मस्कतला आहेत आणि त्यांना गावचाच डॉक्टर आपला वाटतो. मुलगा तिकडून आईबद्दल विचारतो आणि आई खानापुरात आहे, तर रुग्ण इथला आहे, तुम्ही सल्ला देऊ शकता. मुलगा स्वतःच्या पोटदुखीचं विचारतो तेव्हा तुम्ही तिथे परवाना नसलेले डॉक्टर असता. अशा वेळी मी ‘तिथल्या डॉक्टरला आजच दाखव’ एवढंच सांगते, औषधाचं नाव घेत नाही.

तुमच्या दवाखान्यात एखादा बीएएमएस सहकारी फोन घेणार असेल तर आधी विचार करा. आयुर्वेदाच्या पदवीधराने ॲलोपॅथीची औषधं द्यायची की नाही, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं आहे. महाराष्ट्रात अशी औषधं द्यायची जी मुभा आहे, ती शिनोळीच्या अलीकडे आपोआप येत नाही. आयुष डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची तत्त्वं वेगळी आहेत, आणि ती त्यांच्या त्यांच्या पॅथीपुरतीच.

आता दुसरा प्रश्न, खटला कुठे. इथे सीमेवरच्या डॉक्टरने खरंच सावध व्हावं असं काही आहे. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे तुम्हाला माहीत असेलच. पूर्वी तक्रार साधारणपणे डॉक्टर जिथे बसतो तिथे किंवा जिथे घटना घडली तिथे करावी लागे. २०१९ च्या कायद्याने, म्हणजे तो २० जुलै २०२० ला लागू झाल्यापासून, तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करू शकतो. चंदगडचा माणूस तुम्हाला कोल्हापूरला बोलावू शकतो, दोडामार्गचा सिंधुदुर्गला. तुम्ही कधी त्या जिल्ह्यात पाऊल टाकलं नसेल तरी. फौजदारी प्रकरणातही कृत्य जिथे झालं आणि त्याचा परिणाम जिथे झाला, अशा दोन्ही ठिकाणी चौकशी होऊ शकते. कौन्सिलची तक्रार मात्र तुमच्या नोंदणीच्या कौन्सिलकडे, म्हणजे बेंगळुरूला.

‘मी फोनचे पैसे घेत नाही, मग मी सुटलो’ असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. जो डॉक्टर काही रुग्णांकडून पैसे घेतो आणि काहींना फुकट तपासतो, त्याचे फुकटचे रुग्णही ग्राहकच धरले जातात. पैसे घेतलेत तर पावती द्या, आणि प्रत्यक्ष तपासणीइतकीच फी घ्यायलाही हरकत नाही. मी उलट म्हणेन, घ्याच. फुकटच्या फोनवर आपण घाईत बोलतो, आणि घाईतच चुकतो.

माझी चूक तशीच झाली. जुलैचा महिना होता, रात्रीचे ११ वाजले होते, कणकुंबीकडच्या एका गावातून फोन. ओळखीचं घर, गडी पंचावन्नच्या आसपासचा, पूर्वी माझ्याकडे पित्ताची औषधं घेऊन गेलेला. त्याची बायको बोलत होती. ‘बाई, यांच्या छातीत जळजळूलालंय बघा. सोड्याचं पाणी दिलंय, ढेकर येईना. काय करू सांगा की ओ.’ पाऊस एवढा की तिचा आवाज तुटत होता. मी दिवसभराची थकलेली. जुनं पित्त डोळ्यांसमोर होतंच. पित्ताची गोळी आणि पातळ औषध सांगितलं, सकाळी येऊन जा म्हटलं, फोन ठेवला. ते सकाळी आलेही. ईसीजीमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका, आणि तोवर नऊ-दहा तास उलटून गेलेले. माणूस वाचला, पण हृदय कायमचं अशक्त झालं. पुढे शेतात काम करणं त्याला जमलं नाही. त्यांनी माझी तक्रार केली नाही. त्याची बायको एवढंच म्हणाली, ‘घाम पुसून पुसून टॉवेल भिजला होता बाई. तुम्ही विचारलाच नाही.’

घाम आहे का, हा एक प्रश्न. विचारायला पाच सेकंद लागले असते. आणि त्या रात्रीच्या फोनची माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती. त्यांनी तक्रार केली असती तर माझ्या बाजूने दाखवायला काही नव्हतं. पण मला जास्त लागलं ते हे की त्यांना रात्रीच निघायला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही.

न्यायालयांनीही हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सहसा चिठ्ठी देऊ नये, आणि तातडीची गरज सोडली तर फोनवर औषध सांगण्याची सवय टाळावी. २०१८ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेलं रत्नागिरीचं प्रकरण तर आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक डॉक्टरने वाचावं. सिझेरियन होऊन घरी गेलेली बाई ताप-उलट्यांनी परत दाखल झाली, डॉक्टर दाम्पत्य तिथे नव्हतं, त्यांच्या जागी दुसरा डॉक्टर नेमलेला नव्हता, फोनवरून औषधं चालली आणि बाई दगावली. निदान न करता दिलेली चिठ्ठी हा गुन्हा ठरण्याइतका हलगर्जीपणा होऊ शकतो, असं म्हणत न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. त्या वेळी आपली सगळी बिरादरी हादरली होती. अनेकांनी त्याचा अर्थ ‘फोन म्हणजे तुरुंग’ असा घेतला. माझ्या मते त्यातली मुख्य गोष्ट फोन नव्हती. रुग्ण दाखल करून घेतली आणि तिच्याजवळ डॉक्टर नव्हता, ही होती. २०२० ची तत्त्वं त्यानंतर आली आणि फोनवरच्या सल्ल्याला चौकट मिळाली. पण दाखल केलेल्या रुग्णाला फोनवर सांभाळण्याची मुभा त्या चौकटीतही नाही. तुमच्या दवाखान्यात दोन खाटा असतील आणि सलाईन लावलेला रुग्ण ठेवून तुम्ही बेळगावला लग्नाला जाणार असाल, तर एक तर डॉक्टर ठेवून जा, नाहीतर रुग्णाला पाठवून मग जा.

फौजदारीची भीती अवास्तवही नको. साधी चूक आणि घोर हलगर्जीपणा यांत फरक आहे, हे २००५ पासून सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलंय, आणि तज्ज्ञ डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये असंही म्हटलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा, नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय प्रक्रिया करताना घडलं तर दोन वर्षांपर्यंत. फोनवरचा सल्ला ही ‘प्रक्रिया’ होते का, यावर वकील वाद घालतील. त्या वादात आपलं नाव नसावं एवढीच माझी इच्छा.

औषधांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पाळायला अवघड. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं कुठल्याही मार्गाने सांगता येतात. त्यापुढची, नव्या रुग्णाला द्यायची असतील, तर व्हिडिओवर पाहूनच. नुसत्या आवाजावर किंवा मेसेजवर नव्या रुग्णाला अँटिबायोटिक लिहू नका. जो रुग्ण त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत तुमच्यासमोर प्रत्यक्ष बसून गेलाय, त्याची चालू औषधं पुढे चालवता येतात, थोडी भरही घालता येते. सहा महिने उलटले किंवा तक्रार बदलली की तो पुन्हा नवा रुग्ण. माझ्या त्या कणकुंबीच्या माणसाचं तेच झालं. जुनं पित्त होतं, तक्रार नवी होती.

आणि काही औषधं दुरून कधीच नाहीत: शेड्यूल एक्समधली, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेली, आणि अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्यातली. आपल्याकडे यात दोन नावं रोज येतात. झोपेसाठी अल्प्राझोलाम आणि कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल. ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्या यादीत आहे. ‘मागच्या वेळचीच गोळी पाठवा’ म्हणून आजोबांचा फोन आला की वाईट वाटतं, पण ते फोनवर होत नाही. पाळी चुकली, गोळी सांगा, हेही फोनचं काम नाही. त्या मुलीला मात्र तोडून बोलू नका. कुठे जायचं, तिथे नाव गुप्त राहतं हे सांगा. कायद्यानेच ते गुप्त ठेवायचं असतं.

चिठ्ठीच्या फोटोबद्दल एक अनुभव. निपाणीकडच्या एका आजींना सांधेदुखीसाठी मी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १० दिवसांचं लिहिलं आणि फोटो नातवाच्या फोनवर पाठवला. आठ महिन्यांनी आजी आल्या त्या चेहरा गोल सुजलेला, हातावर निळे डाग, साखर वाढलेली. नातू प्रामाणिकपणे आजीची सेवा करत होता. गोळी संपली की तोच फोटो कधी निपाणीत दाखवायचा, कधी कागलला. दोन राज्यांतली दुकानं, त्यामुळे कुणाच्याच लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी चिठ्ठीवर एकूण गोळ्या अक्षरी लिहिते, आणि खाली ‘ही चिठ्ठी अमुक तारखेनंतर चालणार नाही’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन्ही भाषांत, कारण दुकानदार कुठल्या बाजूचा असेल सांगता येत नाही. नोंदणी क्रमांक, सही, तारीख, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत, हे तर हवंच. आणि नुसतं ‘दोन गोळ्या सकाळी’ असं मेसेजमध्ये टाईप करून पाठवणं म्हणजे चिठ्ठी नव्हे. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटोच पाठवा.

संमतीचं कायद्यात सोपं आहे. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती धरली जाते. तुम्ही, आरोग्यसेविकेने किंवा घरच्याने फोन लावला तर ती स्पष्ट घेऊन नोंदवावी लागते. अल्पवयीन मूल असेल तर मोठं माणूस सोबत हवं आणि ते कोण याची खात्री हवी. पण आपल्या घरांत खरी अडचण वेगळीच असते. घरात फोन एक, तो नवऱ्याचा किंवा मुलाचा. मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत, पोस्टिंग लांब, तो तिथून फोन करून म्हणतो ‘आईला बरं नाही, गोळी सांगा’, आणि आई शंभर कोसांवर. तिच्याशी बोलल्याशिवाय मी काही सांगत नाही. दोघांना एकत्र जोडायला लावते. नाही जमलं तर म्हणते, आईच्या शेजाऱ्याचा नंबर दे.

सुनेचा फोन असेल तर आणखी जपावं लागतं. स्पीकर चालू असतो, उत्तरं सासूबाई देतात. एकदा एक सून अंगावरून पांढरं जाण्याचं विचारत होती आणि मागून सासूचा आवाज, ‘काही नाही ओ बाई, थकवा आहे.’ मी म्हटलं, ‘बाळ, स्पीकर बंद कर आणि मी विचारीन त्याला फक्त हो किंवा नाही म्हण.’ ताप? नाही. पोटात खाली दुखतं? हो. नवऱ्यालाही त्रास आहे? जरा थांबून, हो. घरात कुणी मारतं का? नाही. एवढ्या हो-नाहीत मला कळलं की दोघांनाही बोलावलं पाहिजे, आणि तिला घरात एक शब्द उच्चारावा लागला नाही. हे प्रश्न आधीच तयार ठेवा. घरात मारहाण होते का, हा त्यात असू द्या.

फोटोंचं तर आपण फारच सैल वागतो. बायका विश्वासाने अंगावरच्या चट्ट्यांचे, जखमांचे फोटो पाठवतात. ते आपोआप गॅलरीत जाऊन बसतात, आणि संध्याकाळी तोच फोन आपल्या मुलाच्या हातात गेम खेळायला. दवाखान्याचा फोन वेगळा ठेवा. गॅलरीत साठवणं बंद करा. कंपाउंडरला त्याचा पासवर्ड देऊ नका. एखाद्या तज्ज्ञाचं मत घ्यायला फोटो पुढे पाठवायचा असेल तर रुग्णाला विचारून, आणि नाव-चेहरा काढून. डॉक्टरांच्या ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून तर मुळीच नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण त्याहून आधीचा गुप्ततेचा शब्द आपण पदवी घेताना दिलेला आहे.

आता कुठे थांबायचं ते. तातडीच्या वेळी फोन हाच एक उपाय असेल तर प्रथमोपचार, जीव वाचवण्यापुरता सल्ला आणि ‘इथे न्या’ एवढंच, असं तत्त्वांत आहे. आपल्या भागापुरती माझी यादी अशी की छातीत दुखणं, श्वास लागणं, एका बाजूची ताकद जाणं, गरोदर बाईचं रक्त किंवा डोकेदुखी, सहा महिन्यांच्या आतलं तापाचं बाळ आणि साप, यांत मी निदान करायलाच जात नाही. पहिलं वाक्य ‘निघा’ आणि दुसरं ‘गाडी आहे का’. सापाचा फोटो पाठवतात, कुठला ते सांगा म्हणतात. फोटोवरून साप बिनविषारी असल्याचं कधीही सांगू नका.

१०८ बद्दल सीमेवर एक खास गोष्ट. मोबाईल पलीकडच्या टॉवरला लागला असेल तर कॉल पलीकडच्या राज्याच्या केंद्रात जाऊ शकतो. घाबरलेला माणूस गावाचं नाव सांगतो आणि तिकडच्याला ते सापडत नाही. म्हणून कॉल करणाऱ्याला आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव असं सांगायला शिकवा. कुठे पाठवायचं हे ठरवताना त्या घराचं कार्ड कुठल्या योजनेचं आहे तेही विचारा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवल्यापासून लोक याबद्दल फोनवर हमखास विचारतात, आणि चुकीच्या दवाखान्यात गेले तर खिसा रिकामा होतो.

तापाच्या फोनवर मला सगळ्यात जास्त भीती वाटते. लावणीच्या दिवसांत भातशेतात उभ्या राहिलेल्या माणसाचा ताप आणि पोटऱ्यांची कळ, हा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. डिसेंबर ते मे काजूच्या बागेत, जंगलात गेलेल्या माणसाचा ताप, हा माकडताप असू शकतो. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीत २०१५-१६ पासून तो आहे आणि आपली माणसं तिकडे कामाला जातात. दोन्हींत पहिले दोन दिवस फोनवर ‘साध्या’ तापासारखेच ऐकू येतात. म्हणून तापाच्या प्रत्येक फोनवर ‘गेल्या पंधरा दिवसांत कुठे कामाला होता’ हे विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आणि पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी सांगायची नाही, कारण माकडताप किंवा डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो.

आता नोंद. हे लिहिण्याला मला दोन मिनिटं लागतात. अशी दिसते:

१४ जुलै, रात्री ९.४०, व्हिडिओ कॉल. स्त्री, ५८, ता. चंदगड. फोन मुलाचा, रुग्ण शेजारी, स्वतः बोलून संमती दिली. दोन दिवस ताप, लावणीचं काम. धाप नाही, लघवी होते, रक्त कुठून नाही. प्रत्यक्ष तपासणी नाही, रक्तदाब व ऑक्सिजन माहीत नाही. पॅरासिटामॉल. उद्या सकाळी रक्त तपासायला यायचं आहे. लघवी कमी, डोळे पिवळे, धाप, रक्त, यांतलं एकही दिसलं तर रात्रीच दवाखाना. मुलाने हे परत म्हणून दाखवलं.

यातल्या दोन गोष्टी सोडू नका. ‘तपासणी नाही, माहीत नाही’ हे स्वतःच्या हाताने लिहायचं, कारण तिथे आपण खरं बोलतो. आणि परत म्हणवून घ्यायचं. ‘समजलं का’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘मी काय सांगितलं ते सांगा बघू’ म्हटलं की अर्ध्यांचं उत्तर वेगळंच येतं. घरात कन्नड बोलणारी सून असेल तर तिच्याकडून कन्नडमध्ये म्हणवून घ्या. चॅटवरचे आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा. फोनमधली माहिती न्यायालयात द्यायची तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे फोन बदलताना जुना विकू नका, माहिती नीट उतरवून ठेवा. नियमात तीन वर्षं आहेत, तीही दाखल रुग्णांसाठी. मी फोनच्या नोंदी सात वर्षं ठेवते, मुलांच्या त्याहून जास्त.

आजारपणाचा दाखला फोनवर कधीही नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी. न पाहिलेल्या मृत्यूचं कारण लिहून देणं तर नाहीच. विम्याची पॉलिसी काढून बघा, टेलिफोनवरचा सल्ला तिच्यात येतो का ते एजंटकडून लेखी घ्या. ॲपवाल्या कंपन्या कॉलमागे पैसे देतात आणि दहा मिनिटांत सहा कॉल लावतात. त्यात पडायचं की नाही तुम्ही ठरवा, पण नोंद तुमच्याकडे राहणार की त्यांच्याकडे, हे आधी विचारा. आणि यंत्राने सुचवलेली चिठ्ठी नुसती सही करून पाठवू नका. रुग्णाला सल्ला देणं आणि औषध लिहिणं हे डॉक्टरनेच करायचं आहे, असं तत्त्वांत स्पष्ट आहे. मनाच्या आजाराचा, जीव द्यावासा वाटतो असा फोन आला तर एकट्याने सांभाळू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. पण नंबर देऊन फोन ठेवायचा नाही, घरातलं दुसरं माणूस फोनवर येईपर्यंत बोलत राहायचं.

शेवटची गोष्ट, ‘या’ म्हटलेला रुग्ण येत नाही त्याची. सकाळी ७ वाजता मी आदल्या रात्रीच्या नोंदी काढते आणि जे आले नाहीत त्यांना स्वतः फोन लावते. बहुतेक वेळा उत्तर असतं, गाडी मिळाली नाही. म्हणून प्रत्येक गावासाठी माझ्या वहीत तीन नंबर आहेत: आशाताईचा, जवळच्या सरकारी दवाखान्याचा आणि गावात गाडी असलेल्या एका माणसाचा. तुमच्या गावांची अशी वही पावसाळ्याआधी भरून घ्या. कणकुंबी आणि जांबोटीकडची पानं माझ्याकडे तयार आहेत. बेळगावात आलात की घेऊन जा.